न फुटलेला नारळ

आमच्यात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. यंदा दसऱ्याला माझ्या मेव्हण्याने तो आमच्या गवत कापायच्या मशीनवर वाढवला, आणि नारळ अख्खा राहून मशीनच फुटली.

ही मशीन बसून चालवायची, छोट्या ट्रॅक्टरसारखी. कोरगावातून टेम्पोत चढवून आम्ही ती किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नेतो. चालवायचं मी, निगा राखायची मेव्हण्याने, अशी वाटणी. माझं पोट स्टेअरिंगला टेकतं. वाकून खाली बघायचं काम माझ्याकडे नव्हतंच. तो तिला शाम्पूने न्हाऊ घालायचा, सीटला पॉलिश मारायचा. शेजारी म्हणायचे, "नवीच दिसता मरे!" आणि मी फुगायचो.

बोनेट प्लास्टिकचं, म्हणून त्याने नारळ पात्यांवरच्या लोखंडी झाकणावर हाणला. खप्प! नारळ शेंडीपर्यंत आत. मी वाकलो, म्हणजे आडवाच झालो. खाली अख्ख्या पावसाळ्याचं ओलं गवत थापलेलं, कुजलेलं, आणि वरचा पत्रा पापडासारखा.

"खालून कधी खरवडलंस?"

"खालून कोण बघता, भावोजी?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मांद्र्याच्या हॉटेलातली पहिली कापणी होती. ती साधली तर सगळा सीझन आमचा. वेल्डरला फोन लावला. तो म्हणाला, "हत्यारां पुजूक मांडल्यात. आज हात लावचंय नाय."

"निदान तू खरवड," मी मेव्हण्यावर ओरडलो. "पत्रा किती उरलाय ते तरी कळू दे."

"खुरपां पाटावर आसा. दसऱ्याक कसा उचलू?"

"मग नखांनी काढ!"

बायको दारातून म्हणाली, "सणाच्या दिवशी माझ्या भावाक बोलू नकात."

"तुझ्या भावाने माझ्या पोटावर पाय दिला!"

"तुमच्या पोटाक एक पाय काय करतलो?"

मेव्हण्याने खरंच नखांनी काढलं. गवताबरोबर पत्र्याचे तुकडेही हातात येत गेले. शेवटी वेल्डिंगला धड कडाच उरली नाही. मी हॉटेलच्या मॅनेजरला फोन करून सांगितलं, उद्या जमणार नाही.

"काही हरकत नाही, दुसरा आहे," तो म्हणाला, तेही इतक्या आनंदाने की मला त्याचाही राग आला. कारण तरी विचारायचं! सांगायला माझ्याकडे केवढं होतं.