गोदाताईचे संध्याकाळचे पाय

गोदाताई गेली, असा अकोल्याहून पुतण्याचा फोन आला. जुन्या सवयीनं माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "सकाळी की संध्याकाळी?" त्याला प्रश्न कळला नाही. "झोपेतच, पहाटे," म्हणाला. म्हणजे पाय सरळ असतानाच गेली...

पन्नास-साठच्या दशकांत अकोल्याबाहेर आमचा फुलांचा मळा होता. माझी ही थोरली बहीण सकाळी शेवंती तोडून, टोपली डोक्यावर घेऊन जठारपेठ पालथी घालायची. दुपार कलली की तिचे पाय आत वळायचे, टाचा उचलल्या जायच्या, भिंत धरल्याशिवाय चालवत नसे. रात्री झोपली की सकाळी पुन्हा धडधाकट! माय करवादायची, "सांजचं काम आलं का बरे वाकडे होतात तुये पाय. नाटकं करून राह्यली."

शेवटी बाबांनी तिला डॉक्टरकडे नेलं. दवाखाना सकाळचाच. डॉक्टर म्हणाले, "चालून दाखव." ती सरळ चालली. ते बाबांना म्हणाले, "पोरीले काही झालं नाही. लगीन करून द्या."

"डाक्टरसाहेब, मी सांजवरी इथंच बसतो. मंग पाहा," ताई म्हणाली. डॉक्टर हसले, ते पाहून कंपाउंडरही हसला. बाबांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. त्यानंतर तिनं पाय कोणालाच दाखवले नाहीत. लग्नही झालं नाही. तिला पाहायला पाहुणे दुपारून यायचे ना...

मी अमरावतीला शिकलो, घराण्यातला पहिला बी.ए. झालो; त्याचा अभिमान आहेच. पण ताईचं दुखणं माझ्या नातीमुळे कळलं. तिचेही पाय संध्याकाळी वळू लागले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य बनायला एक जनुक लागतं. तुमच्या घराण्यात तेच बिघडलेलं आहे. माझ्यातही आहे म्हणे. मला त्यानं सोडलं, ताईला धरलं. का, ते कोण सांगणार?

नातीसारख्याच गोळ्या म्हातारपणी ताईला सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत मी अकोल्याला गेलो, तर दिवेलागणीला ती भिंत न धरता ओसरी उतरली आणि अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली. "ताई, चालली ना तू!" मी ओरडलो. ती फाटक धरून उभी राहिली.

"माय पाहाले पाहिजे होती," म्हणाली. "मी खोटी नव्हतो, हे आता सांगू कोणाले?"

इथे अमरावतीला अंधार पडतो, नात गल्लीत पोरांमागे धावत असते, सून दारातून हाका मारते. मी म्हणतो, "राहू दे वं. पळू दे तिले."