दुपारी येणारी कमल

अंगात येणं, झपाटणं असलं बोलणं निघालं की मी उठून कामाला लागायचे. माझा विश्वासच नव्हता. शिक्षण चौथीपर्यंत. लोकांत बोलायची लाज वाटते, म्हणून हे लिहून ठेवते...

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमचं घर कोरीट गावात. सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडलं होतं. नणंद कमल सातवी पास होऊन नुकतीच धुळ्याला नर्सिंग शिकायला गेली होती. पहिल्या सुट्टीत तिनं मला सासूबाईंची कूस बदलायला शिकवलं — नाहीतर पाठीला जखमा होतात. आधी सांगायचं, मग हात लावायचा, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची.

माझी घाई पाहून हसायची. "वयनी, माय शे ती, भाकर नही."

कमल परत गेली. कापूस वेचायचे दिवस आले. मी सकाळी सासूबाईंना डाव्या कुशीवर ठेवून, बाहेरून कडी लावून शेतात जायचे. संध्याकाळी पाहावं तर त्या उजव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी नीट! रोज तेच. शेजारी विचारलं, कुणीच आलं नव्हतं.

एकदा सासऱ्यांसमोरच त्या म्हणाल्या, "कमल उनी व्हती." म्हणे कमल आली होती!

सासरे भडकले. "माय वाट देखी ऱ्हायनी, आनि पोर धुळाले लोकेसन्या कुशी बदली ऱ्हायनी." दुसऱ्याच दिवशी जाऊन कमलला घेऊन आले. शिक्षण सुटलं.

कमल खाटेजवळ बसली. "माय, कूस बदलस हां."

सासूबाईंनी तिच्याकडे परक्या मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. "ऱ्हाऊ दे, बाई. मन्ही कमल येई आते दुपारले."

"कशी दिसस ती?"

"तुन्हासारखीच. पन तिना डोकावर धवळी टोपी शे."

कमलनं माझ्याकडे पाहिलं. नर्सची पांढरी टोपी परीक्षा झाल्यावर मिळते. तिची परीक्षा व्हायचीच होती. आणि टोपीचं घरात कधी कुणी बोललंही नव्हतं.

त्यानंतर दुपारी कुणी आलं नाही. कूस कमलच बदलायची, अगदी हळू हातानं. सासूबाई मात्र दाराकडे बघत विचारायच्या, "कमल उनी का?"

त्याच थंडीत त्या गेल्या. पुढे कमलचं लग्न झालं. धुळ्याला ती परत गेली नाही.

कोण यायचं, ते मला अजून कळलेलं नाही. एवढंच वाटतं — आम्ही कमलला घरी आणलं, आणि ती दुसरी यायची थांबली.