नव्या टायरचे दोन लॅप

सिग्नलला थांबले की माझा उजवा पाय हलायला लागतो. स्कूटरवर त्या पायाला काही काम नसतं, तरी तो हलतोच. कोथरूडहून वाघोलीला पोचायला मला दीड-दोन तास लागतात, आणि तिथे मी लोकांना गो-कार्ट चालवायला शिकवते. आयटीतली मंडळी टीम लंच उरकून येतात, हेल्मेट घालून सेल्फी काढतात आणि पहिल्याच वळणावर टायरच्या भिंतीत घुसतात. मी हसून त्यांना बाहेर ओढते, पण आतून चिडलेली असते. मला तिथे असायचंच नसतं. मला असायचं असतं रेसिंगच्या खऱ्या गाडीत, उघड्या चाकांच्या, एकाच माणसापुरत्या सिंगल सीटरमध्ये.

सिंगल सीटरच्या रेसच्या सगळ्यात खालच्या मालिकेत मी तीन सीझन गाडी चालवली. त्याच्या वरची मालिका जिंकली तर परदेशात कोणीतरी तुमच्याकडे बघतं, नाहीतर नाही. मी आता तेवीस वर्षांची आहे. त्या वरच्या मालिकेतली मुलं सोळा-सतराची असतात आणि मला ताई म्हणतात, ते मला अजिबात आवडत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "काय, पोचलात का आपण फिनिश लाइनला? का अजून पंक्चरच काढताय?"

बाबा मात्र असं कधी बोलला नाही. तो घराजवळच गणिताचे क्लास घेतो. मी अकरा वर्षांची असल्यापासून माझ्या प्रत्येक रेसला घडीचं स्टूल घेऊन तो हजर असतो. माझ्या लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ घड्याळात दिसायच्या आधी तो तोंडाने सांगतो, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असते.

गेल्या वर्षी वरच्या मालिकेतल्या एका टीमकडे ड्रायव्हरची एक जागा रिकामी झाली. त्यांनी आम्हा दोघांना दक्षिणेतल्या एका सर्किटवर टेस्टला बोलावलं, मला आणि कोल्हापूरच्या एका सतरा वर्षांच्या पोराला. एकच दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाची चार सत्रं. प्रत्येकाला नव्या टायरचा एकच सेट मिळणार होता, तो कधी लावायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. बाकीचा दिवस जुन्यावर काढायचा. नव्या टायरची खरी पकड दोन-तीन लॅपच टिकते. त्यात जी वेळ निघेल तीच तुमची.

आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या लेटरपॅडवर बाबाने आलेख काढला. दिवसभर गाड्या फिरल्या की ट्रॅकवर रबर बसतं आणि पकड वाढत जाते. उन्हं उतरली की डांबरही निवतं. म्हणजे सगळ्यात चांगली वेळ चौथ्या सत्रात. "नवं आहे ते शेवटाला राहू दे," तो म्हणाला.

तर्कात चूक नव्हती. पण मला आमचं घर माहीत आहे. आमच्या नव्या चादरी पाहुण्यांसाठी कपाटात असतात, आणि पाहुणे आले की आई म्हणते, एका दिवसासाठी कशाला काढायच्या. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मला ते टायर पहिल्याच सत्रात हवे होते. तरी मी बरं म्हटलं आणि सकाळी इंजिनियरला सांगितलं, शेवटाला लावू.

कोल्हापूरच्या पोराने नवे टायर पहिल्याच सत्रात लावले आणि दिवसाची सगळ्यात चांगली वेळ काढली. चहाच्या वेळी मी त्याला विचारलं, इतकी घाई कशाला?

"लावून टाकलं की! ठिवून काय लोणचं घालायचंय?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात आम्ही दोघंही जुन्या टायरवर होतो, आणि दोन्ही वेळा मी त्याच्यापेक्षा वेगात होते. त्याच्या सकाळच्या वेळेपासून मी जेमतेम तीन दशांश सेकंद मागे होते. नवे टायर त्याहून जास्त देणार होते. जागा माझी झाली होती, फक्त जाऊन घ्यायची होती. मी गॅरेजच्या मागे येरझाऱ्या घालत राहिले. बाबा बस म्हणाला, मला बसवेना.

चौथ्या सत्रात पहिला लॅप मी टायर गरम करण्यात घालवला. दुसऱ्याला सुरुवात केली आणि पहिल्याच वळणात समजलं की असं चिकटून मी कधीच चालवलेलं नाही. अर्धं सर्किट झालं असेल. समोर दुसऱ्या कुठल्यातरी टीमच्या गाडीचं इंजिन फुटलं, तेल रस्ताभर सांडलं आणि लाल झेंडे निघाले. लाल झेंडा म्हणजे सगळ्यांनी हळू परत यायचं. तेल पुसेपर्यंत आमची वेळ संपली. मी गाडीतून उतरले तेव्हा टायरवरची चकाकीसुद्धा गेली नव्हती.

परतीच्या विमानात बाबाने आलेखाचा कागद पुन्हा काढून बघितला. मग म्हणाला, "असं काही व्हायची शक्यता फारच कमी होती गं." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्याचा इतका राग आला होता की स्वतःची लाज वाटत होती.

आठ दिवसांनी दुपारी टीमचा फोन आला. मी तशीच क्लासवर गेले. बाबा खडूचे हात घेऊन बाहेर आला.

"काय म्हणाले?"

"त्याला घेतलं."

"जुन्या टायरवर तू फास्ट होतीस. ते दिसलं नाही त्यांना?"

"दिसलं. पण जागा एकच आहे, बाबा, आणि वेळ त्याची चांगली आहे."

त्याने हात पँटला पुसले. "चूक माझी झाली."

नाही, माझी झाली, असं मी म्हणायला हवं होतं. खरंही तेच होतं. गाडीत मी बसले होते, शेवटाला लावू असं इंजिनियरला मी सांगितलं होतं. पण तेवढं तोंडातून निघालं नाही. निघालं ते वेगळंच.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका टीमची टेस्ट आहे. मी एकटी जाणार आहे."

त्याने विचारलं, "तिकीट काढलंस?"

काढलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला. मला रडू येत होतं, तरी मी स्कूटर स्टँडवरून काढली. क्लासचं दार उघडंच होतं. बाबाने फळ्यावरचं गणित पुढे सांगायला सुरुवात केली, दोन पायऱ्या सांगितल्या आणि थांबला. मग पोरांना विचारलं, "कुठे होतो आपण?"

इतक्या वर्षांत मी त्याला गणित सांगताना कधीच अडखळताना पाहिलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या कोणीतरी त्याला ओळ वाचून दाखवली.