बुडितातलं वानेर

आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस मी. वडिलांचा अंगठा, आजोबांचाही अंगठा, आणि त्यांच्या आधीच्यांना तर कोणी अंगठासुद्धा मागितला नसेल. मी वाशीमच्या कॉलेजातून बी.ए. झालो, एकदाही नापास न होता. हे मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवायलाही सांगतो. पण खरं कारण वेगळं आहे. पुढे जे घडलं त्यात ह्या बी.ए.चाही हात होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. इंझोरीच्या अंगाला एक धरण नुकतंच बांधून झालं होतं आणि त्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदा पाणी अडवणार होते. मला तिथं हंगामी कारकुनाची नोकरी लागली. काम एवढंच, की सकाळी आणि संध्याकाळी भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं. आठवड्यातून एकदा जीप यायची. ड्रायव्हर माझे आकडे न्यायचा आणि पीठ, रॉकेल ठेवून जायचा. वडील कामरगावच्या बाजारात सांगत, "पोट्टा धरणावर साहेब हाये." हा साहेब टेकडावरच्या टिनाच्या खोलीत एकटा राहायचा. दिवसभर बोलायला कोणी नाही. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून मी पाण्याचा आकडा आधी मोठ्यानं म्हणायचो आणि मग लिहायचो.

खोलीसमोर खाली बुडितातलं गाव होतं. माणसं उन्हाळ्यातच कोसभर लांबच्या नव्या गावठाणात गेली होती. जाताना त्यांनी दारं, चौकटी, छपराची आढी, फाटे, सगळं उपसून नेलं. मारुती गाड्यावर बसवून नेला. मागे मातीच्या भिंती, शेंदरानं माखलेला रिकामा ओटा आणि ओट्याला लागून एक जुनी चिंच राहिली. चिंचेच्याही फांद्या लोकांनी सरपणाला तोडल्या, पण देवाचं झाड म्हणून शेंडा आणि दोन फांद्या ठेवल्या.

त्या चिंचेवर एक वानेर होतं. काळ्या तोंडाचा म्हातारा हुप्प्या. कळपाची बाकीची वानरं पाणी यायच्या आधीच टेकड्यांकडे निघून गेली. हे राहिलं. कळपानं हाकललं होतं की जागेचा जीव लागला होता, कोण जाणे. सकाळी मी दार उघडलं की ते तिथं दिसायचं, आणि मी दिसलो की ते शेपटी खाली सोडून माझ्याकडे पाहत बसायचं. दुसरं पाहण्यासारखं त्यालाही नव्हतं आणि मलाही नव्हतं.

पाणी हळूहळू चढलं. गावाच्या चारी बाजू भरल्या आणि ओटा, चिंच एवढाच उंचवटा उरला. काठापासून तिथवर जुना गाडरस्ता होता. तो उंच असल्यामुळे त्याच्यावर पाणी घोट्याएवढंच होतं. मी रोज एक भाकर जास्त टाकायचो, धोतर वर खोचून त्या रस्त्यानं जायचो आणि ती ओट्यावर ठेवायचो. मी दहा पावलं मागे सरलो की वानेर उतरून ती उचलायचं. शनिवारी नव्या गावठाणातले पाच-सात जण यायचे. देव नेला तरी ओट्यावरचा शनिवार त्यांनी सोडला नव्हता. ते रुईची पानं, तेल, खोबरं आणि पसाभर फुटाणे तिथं ठेवून हात जोडायचे. वानेर ते खायचं, म्हणजे मारुतीला पोचलं.

मग रस्त्यावरचं पाणी गुडघ्यापर्यंत आलं. पुढे मांडीपर्यंत. एका सकाळी मी चार पावलं गेलो आणि पाणी कमरेला लागलं. मी परत फिरलो. मला पोहता येत नव्हतं. आमच्या गावाला नदी नाही आणि विहिरीत उडी मारायच्या वयात मी पाढे पाठ करत होतो. हे मी धरणावर कोणालाच सांगितलं नव्हतं. पाण्यावर नेमलेला माणूस पाण्याला भितो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तीन दिवस भाकर गेली नाही. वानरानं चिंचेचा उरलासुरला पाला खाल्ला आणि मग सालं सोलायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे झाड कलायला लागलं. काळी माती भिजली की तिच्यात दम राहत नाही. आधी चिंचेचा शेंडा माझ्या दाराच्या चौकटीतून सरळ दिसायचा, आता तो चौकटीच्या डाव्या लाकडाला टेकला होता. झाड पडलं की वानेर गेलं.

मी सुशिक्षित माणसानं करावं तेच केलं. मी अर्ज लिहिला. 'सदर प्राणी जलवेष्टित वृक्षावर अडकला असून' अशी सुरुवात होती, आणि अजूनही मला ती बरी वाटते. जीप आली तेव्हा ड्रायव्हरच्या हाती दिला. ड्रायव्हर कारंज्याचा मुसलमान गृहस्थ, वयानं मोठा, मिश्किल. त्यानं माझ्यासमोरच वाचला.

"बहोत खूब लिखा, बाबूसाहेब. पण हे बंदराले कोन वाचून दाखोनार?"

"साहेबांना द्या म्हणजे झालं."

मधल्या शनिवारी गावठाणातली मंडळी काठावरूनच हात जोडून गेली. पुढच्या फेरीला ड्रायव्हर उत्तर तोंडीच घेऊन आला. साहेब म्हणाले, प्राणी आपल्या खात्याचा नाही. अर्ज जंगल खात्याकडे जावा, आणि तो आपल्यामार्फत नको.

"पान्यात गेला कागद," ड्रायव्हर हसून म्हणाला, पण चिंचेकडे पाहून त्याचं हसणं थांबलं. "पानी चढून राह्यलं न हो. त्या भोयाले काहून नाई इचारत?"

तो म्हातारा भोई पलीकडच्या काठाला नव्या पाण्यात जाळी टाकायचा. माझी त्याची एकदाच बोलाचाली झाली होती आणि ती बरी नव्हती. त्यानं पट्टीजवळच्या खांबाला डोंगा बांधला म्हणून मी त्याला "सरकारी जागा आहे" असं सुनावलं होतं. ओंडका कोरून केलेला त्याचा तो डोंगा, खांबाला त्यानं काय होणार होतं! आता मीच त्याच्या काठावर जाऊन उभा राहिलो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "चाला, पाहू," एवढंच म्हणाला.

डोंग्यात मी भाकर घेऊन पुढे बसलो. दोन्ही हातांनी काठ असे धरले होते की भाकर मांडीवर ठेवावी लागली. चिंचेखाली पोचलो. मी भाकर वर धरून "ये, ये" करू लागलो. मला वाटलं, मला ते ओळखतं. इतक्या दिवसांची भाकर आहे. पण वानरानं दात काढले, हुप्प करून शेंड्याकडे उडी मारली आणि झाड कडकडलं. मी दचकून उठलो. डोंगा एका अंगावर झाला, पाणी आत आलं, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही. 'आई' हा शब्द त्यात होता.

भोयानं वल्ह्यानं डोंगा सावरला. "पोवता नाई येत तुमाले?"

"नाही."

"मंग बसले कायले?"

"सांगायची लाज वाटली."

तो डोंगा काठाकडे वल्हवू लागला. मग माझ्या भाकरीकडे हनुवटी करून म्हणाला, "रोज नेत होते काय ही?"

"पाणी कमरेला लागलं तोवर नेली. त्याच गाडरस्त्यानं."

"तवा रस्ता उघडा होता. घोटाभर पानी. त्याले भूक लागू देली असती त त्याच रस्त्यानं ते आपल्या पायानं आलं असतं. बसल्या जागी भेटते म्हटल्यावर कोन उठते, बाबूसाहेब? तुमी आन् त्या गाववाल्यायनं मिळून बसवलं त्याले तिथं."

मी त्या रस्त्यानं रोज गेलो होतो आणि रोज परत आलो होतो. वानरालाही तो रस्ता आहे, हे बी.ए.च्या डोक्यात एकदाही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर यावं असं वाटतच नव्हतं. ते काठावर आलं असतं तर टेकड्यांकडे निघून गेलं असतं. मग सकाळी दार उघडून मी कोणाकडे पाहिलं असतं?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भोयानं नव्या गावठाणातून कडब्याच्या गाड्या आवळायचे जाड नाडे मागून आणले. वानराला येता यावं म्हणून चिंचेपासून मधल्या अर्ध्या बुडालेल्या बाभळीपर्यंत आणि बाभळीपासून काठावरच्या कडूनिंबापर्यंत नाडा ताणायचा होता. एकट्याचं ते काम नव्हतं. त्यानं तेलाचा रिकामा डबा, तोंड डांबरानं बंद केलेला, आणला आणि माझ्या पाठीला बांधला. आमच्याकडे पोरांना विहिरीत पोहायला असंच शिकवतात. धोतर, बनियन आणि पाठीवर डबा, अशा थाटात धरणाचा साहेब डोंग्यात बसला. भोई गाठी मारायचा आणि मी नाडा सोडत जायचो. वर शेंड्यावर वानेर हुपहुप करत होतं. झाडाला हात लावला तेव्हा खोड हलतंय हे मला कळलं.

"आता?" मी विचारलं.

"आता कोनी खायले द्याचं नाई. आन् कोनी पाहाचं बी नाई. मानूस दिसला की ते खाली येत नाई."

मी तिसऱ्या प्रहरापासून दाराच्या फटीतून पाहत बसलो. वानेर नाड्यापाशी आलं, हातानं दाबून पाहिलं, माझ्या खोलीकडे पाहिलं आणि वर गेलं. दोनदा असंच झालं. माझ्या फटीतल्या डोळ्याचं त्याला काय दिसत होतं, देव जाणे. पण मी उठलो नाही.

शनिवारी सकाळी गावठाणातली मंडळी आली. पुढे एक म्हातारी होती. ह्याच बुडालेल्या गावात लग्न होऊन आलेली आणि इथूनच सुनेसोबत गाड्यात बसून बाहेर पडलेली. पदरात फुटाणे. ती भोयाला म्हणाली, "घेऊन जाय बापा डोंग्यातून, ठेव झाडावर."

मी आडवा झालो. "नाही न्यायचे."

"काहून?"

"त्याला उपाशी ठेवायचंय."

"ऐका वं माय! कालेजात हेच शिकवते काय, शनवारी देवाले उपाशी ठेवा म्हून?" मागचे हसले. "सरकारनं गाव घेतलं, आता मारुतीचा घास बी घेते काय रे?"

मी तावातावानं काहीतरी बोलणार होतो. भोई खाली मान घालून जाळं झटकत होता, माझी बाजू घेणार नव्हता. मग मी सांगून टाकलं. मी रोज भाकर नेत होतो, म्हणून ते तिथं अडकलं. तुमच्या फुटाण्यांनी आणि माझ्या भाकरीनं. माझं चुकलं, आणि झाड आता फार दिवस उभं राहणार नाही. कारकून झाल्यापासून 'माझं चुकलं' हे मी पहिल्यांदाच म्हणत होतो, आणि तेही सगळ्यांसमोर.

म्हातारी चिंचेकडे पाहत राहिली. नव्या ठिकाणाहून येणाऱ्या माणसाला तो कल लगेच दिसला असणार.

"शनवार त मी चुकवनार नाई," ती म्हणाली. कडूनिंबापाशी गेली, जिथं नाडा बांधला होता तिथं बुडाशी तिनं पदर झटकला. फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, सगळं. "घे. देवाचं देवाले देल्लं. आता त्यानं उठून यावं." मग माझ्याकडे वळून, "आन् तू रे पोट्ट्या, तू हटतं का नाई इथून? भोई सांगत होता, फटीतून पाह्यते म्हून."

"संध्याकाळचा आकडा लिहायचा आहे."

"पानी पळून जाते काय? चाल, भाकर खायले."

रजिस्टरात तोवर माझी एकही जागा रिकामी नव्हती. पाऊस असो, ताप असो. मी खोलीला कडी घातली आणि त्यांच्यामागून कोसभर चालत गेलो. नव्या गावठाणात झाडं नव्हती. एकसारखी घरं, त्यांना जुन्या गावाच्या चौकटी बसवलेल्या. म्हातारीनं बेसन-भाकर वाढली. तिची नात माझ्या पाठीकडे पाहून "डबा कुठं हाये?" म्हणाली आणि सगळे हसले, मीही हसलो. किती दिवसांनी हसलो ते आठवेना. रात्री तिथंच ओसरीवर झोपलो.

सकाळी परत आलो तेव्हा चिंच रिकामी होती. कडूनिंबाच्या बुडाशी एकही फुटाणा नव्हता. ते खारींनीही नेले असतील, असं मी स्वतःला बजावलं. पण मधल्या बाभळीवर, नाड्याच्या गाठीपाशी, करड्या केसांचा झुपका अडकलेला होता आणि चिखलात हाताचे लांब ठसे टेकड्यांकडे गेले होते. थोडं अंतर मी त्यांच्यामागून गेलो. पुढे खडक लागला.

चिंच मंगळवारी पडली. भोयानं नाडे सोडून परत नेऊन दिले.

साहेबांनी रजिस्टर पाहिलं तेव्हा शनिवार संध्याकाळच्या जागेवर बोट ठेवलं. "अंदाजानं भरून टाक," म्हणाले. सकाळचा आणि दुसऱ्या सकाळचा आकडा समोर होता, मधला काढणं अवघड नव्हतं. मी "हो" म्हणालो आणि भरला नाही.

म्हातारीनं निघताना "येत जाय" म्हटलं होतं. मी गेलो नाही. बोलावणं खरं होतं, मीच साहेब होऊन बसलो. पुढचे दोन महिने सवयीनं एक भाकर जास्त पडत राहिली. सकाळी दार उघडायचो. समोर भिंतीपासून टेकड्यांपर्यंत सपाट पाणी. मी आकडा मोठ्यानं म्हणायचो आणि लिहायचो.