चाकाखालचं लिंबू

आमच्या शोकेसमध्ये एक वीतभर लांबीची लाकडी मोटार आहे. तिच्यावर एक ओरखडा नाही. धूळ पुसताना दर वेळी मला त्याचीच लाज वाटते.

मुलीच्या शाळेतल्या स्काउट-गाईड पथकाची शर्यत होती. मुलांनी स्वतः गाडी बनवायची आणि उतरत्या फळीवरून सोडायची. मुलीनं लाकडाचा ठोकळा आणला आणि पुढचे पंधरा दिवस पॉलिशपेपर मीच घासला. तिच्याकडे डिंकाची बाटली धरायचं काम होतं. मैदानावर पाहतो तर सगळ्या गाड्यांवर बापच फुंकर घालत होते!

आता, आमच्याकडे नवं वाहन पूजेशिवाय हलत नाही. बायकोनं गाडीला कुंकू लावलं. मी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, तेही अर्धं आणि पालथं, म्हणजे उतारावर घरंगळू नये.

शिट्टी झाली. बाकीच्या गाड्या सुसाट खाली गेल्या. आमची जागच्या जागी उभी. खरी मोटार लिंबू चिरडून पुढे जाते. आमची चाकं लिंबापेक्षा लहान होती.

लेकरांना दृष्ट लागू नये म्हणून आपण काय काय करतो, आणि ती का हलत नाहीत म्हणून पुन्हा आपणच काळजी करतो.

मुलगी रडेल म्हणून मी तिच्याकडे बघेना. तिनं शांतपणे लिंबू उचललं आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी डिंक तुम्ही धरा."