तारेवरचं लाल लुगडं

आमचं घर वावरातच होतं, वाशीमच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनाजवळ. मालगाडी बाहेरच्या सिग्नलला थांबली की इंजिन नेमकं आमच्या वांग्यांसमोर यायचं. देवाने एवढी सोय कुणाची केली नसेल. तरी आई म्हणायची, पोरीला देवाधर्माची आवड नाही. आवड होती, पण देव जागचा हलत नव्हता. इंजिन हलायचं.

मी लोकांशी बोलत नसे. चौथीनंतर शाळा सुटली, ते मास्तरांनाही बऱ्याच दिवसांनी कळलं. इंजिनाशी मात्र जमलं, कारण ते काही विचारत नाही. मग एकदा वरून फायरमन ओरडला, "ओ बाई, दोन वांगे दे न. तुह्या बापाचे हायेत का?"

"माह्या बापाचेच हायेत," मी म्हटलं, आणि दिली.

त्याने कोळशाचं फावडं धुतलं, म्हणजे त्यावर इंजिनातलं गरम पाणी सोडलं, वांगी ठेवली आणि भट्टीच्या तोंडात धरलं. आमच्या चुलीवर जे काम फुंकून फुंकून व्हायचं, ते तिथं बोलता बोलता झालं. तेव्हापासून मी मीठ, मिरच्या, भाकरी घेऊन बांधावर बसायचे. पॅसेंजर पुढे जाईपर्यंत मालगाडीला कुणी विचारत नसे, तेवढ्यात भरीत व्हायचं. ड्रायव्हर म्हातारे होते, त्यांना मी चाचा म्हणे. गार्ड शेवटच्या डब्यातून सगळी गाडी ओलांडून वासावर यायचे, पण चाकं तपासत आल्यासारखं दाखवायचे. भाकरीची फेड म्हणून त्यांनी मला एक नियम शिकवला.

"लाइनवर काही बिघडलेलं दिसलं तं लाल कपडा हलवजो. गाडी थांबलीच पायजे. मंग कपडा राणीचा असो का धोब्याचा."

अशात मानोरा गावाकडचं स्थळ आलं. जमीन काळी, मुलगा निर्व्यसनी. खोट एकच, तिकडे रूळ नव्हते. एसटी होती. एसटीत कोणी वांगी भाजत नाही.

"मंग नाही म्हण बापाले," फायरमन म्हणाला.

"मले मानसाइशी बोलता येत नाही."

"आमच्याशी बोलतेच न?"

"तुमी कुठं मानसं," मी म्हटलं. चाचा ठसका लागेपर्यंत हसले.

पाहुणे यायच्या दिवशी मला नेसवायच्या नव्या लाल लुगड्याला खळीचा वास येतो म्हणून मावशीने ते धुतलं आणि लाइनीकडच्या तारेवर टाकलं. ते वेळेत वाळलं नाही. मला आईचं पिवळं नेसवून पाटावर बसवलं. समोर मुलगा मान खाली घालून बसला होता. बोलत होता त्याचा मामा.

"सैपाक येते का?"

मी पाटाकडे पाहिलं.

"भाकर तरी?"

मी पाटाकडेच पाहिलं.

"पोरगी मुकी तं नाही ना?" मामाने बाबांना विचारलं.

"लाजते," बाबा म्हणाले.

तेवढ्यात ब्रेक लागल्याचा आवाज आला. सिग्नल मिळालेला असताना मालगाडी थांबली होती. चाचा इंजिनावरून वाकून शिट्टीवर शिट्टी देत होते. काळाकुट्ट फायरमन फावड्यासकट आमच्या अंगणात शिरला, मागून झेंडी घेऊन धापा टाकत गार्ड.

"बाई, काय झालं? रूळ उखडला का?" फायरमनने विचारलं.

"हे कोण?" मामाने विचारलं.

"मले काय मालूम," बाबा म्हणाले.

"रोज बांधावर दिसते, आज दिसली नाही," फायरमन म्हणाला, "अन् लाल लुगडं हलून राह्यलं. आमाले वाटलं, हीच बोलावून राह्यली."

"ते वाळू घातलं होतं बावा," मावशी म्हणाली.

गार्ड ओट्यावर बसले. "गाडी काहून थांबली म्हणून विचारतीन, तं मी काय सांगू? लुगडं?"

"तुमी हिले ओळखता?" मामा.

फायरमनला वाटलं, आता पोरीचं कौतुक केलं पाहिजे. "ओळखता म्हंजे? हिच्या वांग्याचं भरीत खाऊनच तं गाडी वाशीमले पोचते."

मामा सावकाश म्हणाला, "पोरगी आगगाडीवाल्याइले जेवू घालते?"

बाबांनी घसा खाकरला. ते आता काहीतरी जुळवून सांगतील, पाहुण्यांना ते पटेल आणि मी मानोऱ्याला जाईन, हे मला दिसत होतं.

"घालते," मी म्हटलं. "अन् मी तिकडं येत नाही. तिकडं रूळ नाही."

आतापर्यंत मान वर न केलेला मुलगा म्हणाला, "खरं हाय, मामा."

"काय खरं हाय?"

"आपल्याकडं रूळ नाही." मग त्याने फायरमनला विचारलं, "वर चढून पाहू का जरासं?"

त्याला इंजिनावरून उतरवायला मामाला स्वतः जावं लागलं. सोयरीक मोडली. बाबा म्हणाले, "मुकी होती तेच बरं होतं."

पुढे गाडी थांबली तेव्हा चाचांनी भरीत खाऊन झाल्यावर मला झापलं. "बेटी, तुझ्या लुगड्यापायी मले बोलणी खा लागली. पुढच्या वक्ती हिरवं वाळू घाल. आमी न थांबता जाऊ."

दुसरं स्थळ आलं तेव्हा आईने विचारलं, लुगडं कोणतं आणू. मी हिरवं म्हटलं. बाबांना एवढंच विचारलं, "गावाले रूळ हाय?"

"हाय. तेच पाहून आणलं," बाबा चिडून म्हणाले.

पाहुणे बसले, तारेवर हिरवं लुगडं हलत होतं, आणि मालगाडी लांब शिट्टी देत न थांबता गेली. पाहुण्यांनी मला काय विचारलं ते त्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.