पाठीच्या फोटोची कॉलर

आपली उंची दीड इंचाने घटल्याचे मावशीला तिच्याच टेपने सांगितले. तरुणपणीचे माप वहीत होते. टेपवर संशय घेऊन तिने तो सुनेलाही लावून पाहिला. टेप खरा निघाला. एकेचाळीस वर्षे गल्लीतल्या साऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईला स्वतःचे माप घ्यायला लावले ते पाठदुखीने.

एक्स-रेत कमरेच्या वरचा एक मणका पुढून दबून पाचरीसारखा झालेला दिसला.

"हा आत्ता दबलाय की पूर्वीच, ते या एका फोटोवरून कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवा असेल तर तीन महिने मशीन बंद, आणि हाडाचा तुकडा काढून तपासावा लागेल. जुना फोटो आहे का?"

"आहे की. सोळा वर्षांपूर्वी स्टुलावरून पडले, तेव्हाचा." मावशीचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "पण तो मी कापला. कॉलर आखायचा फर्मा केला. पुठ्ठा मऊ पडतो हो, फिल्म वाकत नाही."

सुनेने कपाळावर हात मारला. "म्हणजे आई, अख्खी गल्ली तुमच्या पाठीच्या कॉलरी घालून हिंडतेय."

"म्हणून तर ताठ बसतात."

मशीनमागच्या खिळ्यावरचे फर्मे घेऊन सून तासाभरात परतली: एक कॉलर, दोन कफ, एक खिसा. डॉक्टरीणबाईंनी खडूच्या खुणा पुसून ते उजेडाच्या पेटीवर ठेवले. खिशाच्या कोपऱ्यात मावशीचे नाव आणि तारीख होती. कॉलरवर मणक्यांची रांग होती, तारीख नव्हती.

"ही कॉलर याच फिल्मची कशावरून?"

मावशीने खिसा सरकवून कॉलरच्या खालच्या कडेला भिडवला. मध्ये केसभरही फट राहिली नाही. अर्धी कापलेली बरगडी पुन्हा अखंड झाली.

"कापताना मध्ये कातरण वाया घालवायची सवय नाही मला."

डॉक्टरीणबाईंनी दबलेला मणका वरच्या-खालच्या मणक्यांशी ताडून मोजला, आजच्या फोटोतही तसाच मोजला, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. मग त्या हसल्या.

"जुनाच आहे. तेव्हा दबला, तेव्हाच सांधला. तुकडाबिकडा काढायचा नाही. हाडं ठिसूळ झालीत, गोळ्या चालू करू. जड उचलू नका. मशीन चालवा."

सुनेने डोळे पुसले. मावशी फर्मे पिशवीत भरत होती.

"आजच्या फोटोची फिल्म मिळेल का हो? बाहीचा फर्मा मऊ पडलाय."

"देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मणका सोडून कापा."